एका अळीपायी

पाहुणे येणार म्हणून अळ्या काही थांबत नाहीत. त्यांना वेळेला पाला लागतो म्हणजे लागतो. मग घरात लेकीची सोयरीक ठरत असो, नाहीतर घराला आग लागलेली असो.

त्या रविवारी नंदाबाईची तीच तारांबळ चालली होती. एकीकडं पोह्यांना कांदा चिरायचा, दुसरीकडं शेडमध्ये पाला टाकायचा, आणि या सगळ्यात नवी लिंबू रंगाची साडी सांभाळायची. वडीगोद्रीच्या पुढं, हायवेपासून आत त्यांचं शेत. रामरावांनी कापूस मोडून तुती लावली, पत्र्याची शेड उभी केली, तेव्हा भावकी पोट धरून हसली होती. किडे पाळणार म्हणे! आता तीच भावकी आपले पाहुणे घेऊन शेड दाखवायला येते. शेड रामरावांची, पण रेशमाच्या अळ्या नंदाबाईच्या. कोणत्या रॅकवरच्या कात टाकायला बसल्या, कोणत्या उपाशी, कोणती आजारी पडून दुधासारखी पांढरी फुगली, तिला लांबून कळायचं. आजारी अळी ती चिमट्यानं उचलायची आणि चुन्याच्या बादलीत टाकायची. रोजचंच काम. त्यात तिचा हात कधी अडखळला नव्हता.

पाहुणे जालन्याहून आले. तातेराव, त्यांची बायको आणि मुलगा पार्थ. मध्यस्थ काकासाहेब, रामरावांचा मावसभाऊ. सोयरिकी जमवायचा त्याला नादच होता. जमली की आहेर, न जमली तरी पोहे.

मुलगा चांगला होता. नंदाबाईला अगदी बघताक्षणी आवडला, हे नंतर तिला स्वतःलाच पुन्हा पुन्हा आठवावं लागलं. उंच, हसरा, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. बशी स्वतः उचलून आत आणून ठेवली.

"राहू द्या की," नंदाबाई म्हणाली.

"त्यात काय काकू, घरी पण मीच ठेवतो."

आकांक्षा दाराआड उभी होती, ती हसली. अंबडला एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची. सहजासहजी हसणारी पोरगी नव्हती. आधी दोन स्थळं येऊन गेलेली. एकाला शेतावर राहणारी नको होती, दुसऱ्याला नोकरी करणारी. हिच्यात दोन्ही होतं.

चहा झाल्यावर रामराव उठले. "चला, शेड दाखवतो."

शेडचे नियम कडक. चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, आणि अंगाला कसलाही वास नको. तंबाखू नको, उदबत्ती नको, पावडर नको. अळ्यांना वास सोसत नाही, त्या खाणं सोडतात. रामराव स्वतः खळखळून चुळा भरल्याशिवाय आत पाय टाकत नसत. आणि पार्थचा स्प्रे तर पार्थच्या आधी घरात आला होता. नंदाबाई दारात आडवी आली, तोंड उघडलं, आणि मिटलं. उद्याच्या जावयाला, तुमच्या अंगाला वास येतोय, आत येऊ नका, असं कोण सासू म्हणेल? तातेराव आत गेले, पार्थ आत गेला, वास आत गेला.

"बापरे, एवढ्या?" पार्थ म्हणाला.

"शेवटची अवस्था आहे," रामराव सांगायला लागले. "आता आठवडाभर नुसतं खाणार. मंग तोंडातून धागा काढून कोष बांधणार. बघा, रॅकच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात. मुंगळे चढू नयेत म्हणून. एक अळी जरी घावली ना मुंगळ्यांना, तर लाइन लागते त्यांची."

"अळी पळत नाही का?"

"कुठं पळते? पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातावर वाढली ती. तिला फक्त पाला कळतो."

पार्थनं मान हलवली. नीट ऐकत होता पोरगा. रामराव खूष झाले.

मंडळी परत ओट्यावर जाऊन बसली. बोलणी पुढं सरकत होती. नंदाबाईचं मन मात्र शेडमध्ये अडकलेलं. वासानं अळ्यांनी खाणं सोडलं असलं तर? तिनं कुणाला न सांगता मागच्या दारानं तुतीच्या फांद्यांची मोळी उचलली आणि शेडमध्ये शिरली. अळ्या खात होत्या. पत्र्यावर कुणी बारीक वाळू ओतत राहावं तसा आवाज शेडभर चालू होता. तिच्या जिवात जीव आला.

मग पुढच्या दाराशी तिला पार्थ दिसला.

दाराला हिरवी जाळी होती, माशी आत येऊ नये म्हणून. जाळीच्या बाहेर तो उकिडवा बसलेला. फोन आला म्हणून उठून आला असावा. "हां भाई, कल सुबह. बिलकुल," असं काहीतरी बोलून त्यानं फोन कानावरून काढला आणि तसाच हातात समोर धरला. किती वाजले बघतोय, असं नंदाबाईला वाटलं. दुसऱ्या हातात तुराटीची काडी होती. समोर उंबऱ्याच्या कडेनं मुंगळ्यांची वाट जात होती, आणि त्या वाटेवर एक अळी होती.

पडली असेल, हा तिचा पहिला विचार. उचलतोय बिचारा.

तो उचलत नव्हता. अळीला दोन मुंगळे चिकटले होते. अळीनं डोकं वर केलं, इकडं तिकडं फिरवलं, पाला शोधताना करते तसं. मग अंगाची घडी करत करत उंबऱ्याकडं सरकली, मुंगळ्यांच्या वाटेच्या बाहेर आली. पार्थनं काडीनं अलगद तिला परत वाटेवर ठेवलं. आणखी मुंगळे आले. ती पुन्हा सरकली. त्यानं पुन्हा ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खुनशीपणा नव्हता. टीव्हीवर मॅच बघताना माणसाचं तोंड कसं होतं, तसं झालेलं. निवांत. थोडंसं उघडं.

नंदाबाईच्या डोक्यावर मोळी होती. "अहो," एवढंच म्हणायचं होतं. साधा खाकरा जरी काढला असता तरी तो उठला असता. तिनं खाकरा काढला नाही. पाहुणा आहे, ओशाळेल, सोयरीक आहे, ओट्यावर बोलणी चालू आहेत. असलं सगळं एका वेळी आडवं आलं.

ओट्यावरून कुणीतरी हाक मारली तेव्हा पार्थ उठला. काडी टाकली, नळावर साबणानं हात धुतले आणि गेला. निघताना वाकून नंदाबाईच्या पाया पडला. त्याच्या हातांना तिच्याच साबणाचा वास येत होता.

गाडी वळल्यावर ती धावत शेडच्या दाराशी गेली. अळी अजून वळवळत होती. मुंगळे झटकून बघितलं. वाचण्यातली नव्हती. मग ती चुन्याच्या बादलीत टाकली. नंदाबाईनंच.

"मुलगी पसंत म्हणून सांगून गेलेत," रामराव म्हणाले. "आता आपला होकार गेला की झालं. काय गं? तोंड काहून असं?"

"काही न्हाई. उन्हानं."

दोन दिवस ती काही बोलली नाही. नुसती फिरत राहिली. दूध उतू गेलं, वरणात मीठ दोनदा पडलं, शेडमध्ये जाऊन ती वाट्यांमधलं पाणी भरलेलं असतानाच परत भरायची. संध्याकाळी आकांक्षा लॅबवरून आली की फोन घेऊन लिंबाखाली बसायची. पार्थचा फोन. मधूनच तिचं हसू स्वयंपाकघरापर्यंत यायचं. एरवी त्या हसण्यासाठी नंदाबाईनं नवस केला असता. आता तिची तव्यावरची पोळी करपायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुती कापता कापता तिनं रामरावांना सांगितलं. "मी जाता जाता बघितलं," असं म्हणाली.

रामरावांनी विळा थांबवला. सगळं ऐकून घेतलं. मग हसले. "एवढंच?"

"एवढंच."

"अगं, म्या काहीतरी दारूबिरू समजलो. एका अळीपायी तू दोन दिवस अळणी-खारट खाऊ घालून राह्यली का?"

"एक अळी न्हाई हो ती."

"मंग किती होत्या?"

"एकच होती."

"मंग?" रामराव बांधावर टेकले. "नंदा, हे बघ. दहा-बारा दिवसांनी आपण ह्या सगळ्या जालन्याला नेणार. पुढं त्यांचं काय होतं? गरम पाण्यात घालतेत ना कोष? आत किडा जिता असतो. का तिथं त्यांची ओटी भरतेत?"

नंदाबाईनं पुढची फांदी कापली.

"आणि तू आजारी अळ्या चुन्यात टाकती ते? आम्ही पोरं असताना चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. म्या काय राक्षस झालो?"

तिनं त्यांच्याकडं बघितलं. गाय अडली होती तेव्हा हा माणूस गोठ्यात तिच्या मानेला मान लावून बसला होता, ढसाढसा रडला होता. राक्षस नक्कीच नव्हता.

"आता बांधता का दोरा?" तिनं विचारलं.

"आता कुठं वेळ हाय?"

"वेळ असता तर?"

"काहीतरीच तुझं," म्हणून त्यांनी विळा चालवला. पण जरा जास्तच जोरात.

बरोबर होतं त्यांचं. नंदाबाईला ते सगळं पटत होतं आणि तिच्या आतलं काही हलत नव्हतं. ज्यांना आपण उकळायला पाठवतो त्यातल्या एकीसाठी एवढं करायचं म्हणजे ढोंगच की. शेडमध्ये पाला अंथरताना ती अळ्यांकडं बघायची आणि वाटायचं, ह्यांनी विचारलं तर काय सांगू? तुम्हाला मारण्यातून पोट भरतं आमचं, म्हणून आम्ही चांगले?

काकासाहेबांचा फोन आला. "वहिनी, होकार कधी कळवायचा? तातेराव विचारून राह्यले. पोरगा एकदम बराबर हाय. सुपारीचं खांड खात न्हाई. अजून काय पाहिजे?"

"आकांक्षाशी बोलते," ती म्हणाली.

बोलायला मुहूर्त मिळाला तो अळ्या पिकल्यावर. अळी पिकली की अंग पिवळसर, काचेसारखं होतं. खाणं सोडून ती डोकं हलवत जागा शोधते. मग तिला प्लास्टिकच्या जाळीवर सोडायचं, कोष बांधायला. त्या जाळीला चंद्रिका म्हणतात. काम जल्दीचं असतं, म्हणून आकांक्षानंही सुट्टी घेतलेली. दोघी समोरासमोर बसून अळ्या वेचत होत्या. नंदाबाईनं मान वर न करता सांगून टाकलं.

आकांक्षाचे हात थांबले. "तू मला आता सांगून राह्यली? आठवडा झाला मी त्याच्याशी बोलते."

"धाडस झालं न्हाई."

"एका अळीचं सांगायला?" ती चिडली होती. "आई, मी रोज लोकांना सुया टोचते. लहान पोरं बोंबलतात. मी टोचतेच."

"टोचते. पण झाल्यावर परत टोचती का, कसं बोंबलतंय बघायला?"

आकांक्षानं दोन-चार अळ्या चंद्रिकेवर ठेवल्या. मग हात पुसून फोन काढला. "मी विचारते त्याला. तू बोलायचं नाही." आणि स्पीकर लावला.

पार्थचा आवाज मोकळा, आनंदी. "बोला मॅडम! आज दिवसा आठवण?"

"त्या दिवशी तू शेडपाशी अळी मुंगळ्यांत ठेवली होती का?"

"अळी?" जरा थांबला. "अरे हां! ती. कुणी बघितलं? सॉरी सॉरी. बोर झाल्तं यार, मोठी लोकं बसली होती बोलत. टाइमपास. नुकसान झालं का? काकांना सांग, भरून देतो."

"नुकसान न्हाई रे. ती वाटेतून निघून जात होती ना? परत काहून ठेवली?"

"मंग बघायला कसं मिळणार?" तो हसला. त्या हसण्यात लपवाछपवी अजिबात नव्हती, तेच वाईट होतं. "मुंगळे काय लाइन लावतेत माहिते का? एक जाऊन बाकीच्यांना बोलावून आणतो. व्हिडिओ आहे माझ्याकडं, ग्रुपवर लोकं फिदा झाली. थांब, पाठवतो."

"नको."

"अगं बघ तरी. मस्त आलाय."

तिनं फोन ठेवला. लगेच टिंग वाजलं. आकांक्षा क्षणभर त्या खुणेकडं बघत राहिली आणि मग तिनं व्हिडिओ लावला. नंदाबाईनं मान फिरवली होती. पण आवाजात फक्त वारा आणि काडीची खरखर होती, म्हणून तिनं परत बघितलं.

अळी, मुंगळे, काडी. मग फोन जरा वर गेला. शेडच्या दाराची हिरवी जाळी आली. तिच्यावर उतरतं ऊन पडलेलं, आणि जाळीमागं काहीतरी लिंबू रंगाचं उभं होतं. डोक्यावर मोळी असलेलं. हलत नसलेलं. फोन खाली गेला, परत वर आला. लिंबू रंग तिथंच.

आकांक्षानं व्हिडिओ थांबवला. "आई. तू तर तिथंच होतीस. पूर्ण वेळ."

"हो."

"बाबांना म्हणालीस, जाता जाता बघितलं."

"हो."

"मंग बोलली काहून न्हाई?"

नंदाबाईच्या बोटावर एक पिकलेली अळी डोकं हलवत होती, धागा सोडायला जागा शोधत. बोटाभोवतीच पहिला धागा पडला. दिसत नव्हता, नुसता चिकट लागत होता. "तुझं जमावं म्हणून," ती म्हणाली. एवढंच खरं होतं आणि ते अपुरं होतं.

आकांक्षा उठून बाहेर गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आली तेव्हा डोळे लाल होते, पण बसली आणि अळ्या वेचायला लागली. वेचता वेचता म्हणाली, "मी नाही म्हणणार आहे. तुझ्यामुळं नाही. त्यानं विचारलं, तुला बघायला आवडत नाही का म्हणून... नाही, तसं विचारलं पण नाही. त्याला ठाऊकच होतं की मला आवडणार." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "बोलायला किती चांगला होता गं."

नंदाबाईनं चिकट बोट पदराला पुसलं आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला. आकांक्षानं तो झटकला नाही.

काकासाहेब फोनवर आधी खवळले, मग समजुतीला आले. "बरं वहिनी, जाऊ द्या. मी पत्रिकेचं सांगतो. नाडी एक आली म्हणतो. कुणाला लागत न्हाई, कुणी विचारत न्हाई."

रामरावांनीही मान डोलावली. तेच रीतीला धरून होतं. अशा वेळी पत्रिका नेहमीच मदतीला येते, बिचारी. नंदाबाईनं 'बरं' म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला जाळीमागचा लिंबू रंग दिसला. हलत नसलेला.

"नाडी नका सांगू, भाऊजी."

"मंग काय सांगू?"

"अळी सांगा."

"काय?"

"तुमच्या पोरानं मजेपायी अळी मुंगळ्यांना घातली, ती सुटली की परत घातली, आणि मुलीच्या आईनं ते उभं राहून बघितलं. तेव्हा ती बोलली न्हाई, आता बोलून राह्यली. असं सांगा."

"वहिनी, लोकं हसतील. पोरीचं पुढं जमायला वांधे होतील."

"हसू द्या. हसणाऱ्यांतलं कुणी बघायला आलंच, तर आधी शेड दाखवू."

रामरावांनी कपाळावर हात मारला. पण फोन हातातून काढून घेतला नाही.

लोक हसलेच. आठ दिवसांत ती गोष्ट अंबडपासून जालन्यापर्यंत फिरून आली. कोष घेऊन दोघं जालन्याच्या बाजारात गेले तेव्हा रांगेतल्या पुंजारामनं, शेजारच्या गावच्या रेशीमवाल्यानं, लांबूनच हाक मारली. "वहिनी, आमचा पोरगा बघा बुवा! मुंग्यांना रोज साखर घालतो!"

"साखर तुझ्या डब्यातली का शेजाऱ्याच्या?" नंदाबाई म्हणाली. रांग हसली, तीही हसली. पण हसून झाल्यावर हात कुठं ठेवावेत तिला कळेना.

त्यांचे कोष ओतले गेले. पांढराशुभ्र ढीग. व्यापाऱ्यानं एक उचलला, कानाशी नेऊन हलवला. आत किडा नीट तयार झाला असला की तो आतून ठक्‌ वाजतो, मग माल चांगला. त्यानं मान हलवली. रामराव सुटल्यासारखे हसले.

नंदाबाईनंही एक उचलला. एवढी वर्षं ती असंच करत आली होती. कानाशी धरला, हलवला. ठक्‌. आत जिवंत होता. कुठं जाणार ते तिला माहीत होतं, तिनंच आणला होता. रामरावांच्या बांधावरच्या त्या सवालाचं उत्तर तिला अजून सापडलं नव्हतं, आणि सापडेल असंही दिसत नव्हतं.

पुन्हा एकदा हलवावासा वाटला. छान वाजत होता. बोटं हललीसुद्धा.

"काय गं, चल की," रामराव म्हणाले.

तिनं मूठ स्थिर धरली, खाली वाकली, आणि तो कोष हलणार नाही अशा बेतानं ढिगाच्या कडेला ठेवला.